लंडन ब्रिज अमेरिकेत गेला, पण त्यातला जॉन रेनी किती गेला?

फोनवर मॅप्स उघडा आणि लंडन ब्रिज सर्च करा. थेम्स नदीवरचा पूल दिसेल, ते अपेक्षितच आहे. आता त्याच नावापुढे ॲरिझोना टाइप करून बघा. अमेरिकेतल्या वाळवंटात लेक हवासू सिटी नावाचं गाव उघडेल आणि तिथे अजून एक लंडन ब्रिज सापडेल. ही कॉपी नाही बरं का. १८३१ पासून १९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत जो पूल लंडनमध्ये उभा होता, त्याचेच दगड तिथे आहेत. लंडनमधला आजचा पूल १९७३ साली सुरू झालेला, म्हणजे वयानं कितीतरी लहान.

यावरचे बहुतेक व्हिडिओ पूल विकत घेणाऱ्या अमेरिकन उद्योगपतीभोवती फिरतात. मला मात्र ज्यानं तो पूल डिझाइन केला त्या माणसाबद्दल जास्त कुतूहल आहे. जॉन रेनी त्याचं नाव. रोजच्या नोकरीत जुन्या सिस्टिम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं काम माझ्या वाट्याला येतं, आणि दरवेळी एकच प्रश्न उरतो: नवीन जागी जे चालू झालं ते खरंच तेच आहे का, की फक्त तसं दिसतंय? रेनीच्या पुलाला हा प्रश्न विचारायचा असेल तर आधी रेनी काय करायचा ते कळायला हवं.

थ्रेशरवाल्याच्या वर्कशॉपमधला पोरगा

रेनीचा जन्म ७ जून १७६१ चा. स्कॉटलंडमधल्या ईस्ट लिंटन गावाजवळ फँटासी नावाची शेती होती, तिथला. शेतकऱ्याचं घर, आणि वडील तो लहान असतानाच वारले. जवळच अँड्र्यू मीकल नावाच्या मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. पाणचक्क्या आणि पिठाच्या गिरण्या बांधायच्या, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. पुढे याच मीकलनं मळणी यंत्र बनवलं. आपल्या वऱ्हाडात सोयाबीन निघालं की गावोगाव थ्रेशरचा धुरळा उडतो ना, त्या मशीनच्या खानदानाचा मूळ पुरुष हा मीकल. रेनी पोरवयापासून त्याच्याकडे पडीक असायचा. लाकूड कसं कापायचं, चाकाचे दाते एकमेकांत कसे बसवायचे, पाण्याचा जोर कुठे वापरायचा आणि कुठे त्याला वाट करून द्यायची, हे सगळं तो तिथे हातानं शिकला.

विशी गाठायच्या आत तो स्वतःच गिरण्यांची कामं घ्यायला लागला होता. त्या कमाईवर १७८० मध्ये त्यानं एडिनबर्ग विद्यापीठात नाव घातलं. तिथे त्याला दोन जबरदस्त शिक्षक मिळाले. भौतिकशास्त्राला जॉन रॉबिसन आणि रसायनाला जोसेफ ब्लॅक. दहावीच्या विज्ञानात तुम्ही अप्रकट उष्मा शिकलात, ती कल्पना मांडणारे ते हेच ब्लॅक. तेव्हा मिस्त्री आणि प्रोफेसर अशा दोन वेगळ्या जाती असल्यासारखंच होतं. मिस्त्रीला गणित नको असायचं, प्रोफेसराला चिखल नको असायचा. रेनीला दोन्ही चालायचं, आणि त्याच्या सगळ्या करिअरचं गुपित मला तरी इथेच दिसतं.

रॉबिसनची वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटशी ओळख होती. त्या ओळखीवर रेनी वॅटला भेटला, आणि १७८४ मध्ये वॅटनं त्याला लंडनला पाठवलं. थेम्सच्या काठी अल्बियन मिल्स नावाची वाफेवर चालणारी अवाढव्य पिठाची गिरणी उभी राहत होती. इंजिनं वॅटची, आतली मशिनरी रेनीची. तोवर गिरण्यांमधली चाकं आणि दांडे बहुतेक लाकडाचे असत. रेनीनं तिथे मोठ्या प्रमाणावर बीड वापरलं, म्हणजे ओतीव लोखंड. १७८६ मध्ये गिरणी चालू झाली आणि इंजिनिअर लोक ती बघायला यायला लागले. १७९१ मध्ये ती जळून खाक झाली. पण तोपर्यंत रेनीचं नाव झालं होतं.

दिसत नाही ते काम

पुढची तीस वर्षं हा माणूस थांबलाच नाही. केनेट-एव्हन कालवा, लँकेस्टर कालवा, लून नदीवरून कालवा नेणारा दगडी जलसेतू, लंडनच्या गोद्या, प्लिमथच्या समुद्रात सुमारे दीड किलोमीटर लांब दगडी बांध. यादी मोठी आहे, सगळी देत नाही. बेल रॉकचा दीपस्तंभ मात्र सांगायला हवा. भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकावर तो उभा केला आणि १८११ मध्ये त्याचा दिवा लागला. मुख्य इंजिनिअर म्हणून नाव रेनीचं होतं, खडकावर राहून काम करवून घेतलं रॉबर्ट स्टीव्हन्सननं. श्रेय कुणाचं यावरून दोन्ही घराण्यांत पुढे बरीच वर्षं वाद चालला. कोड कुणाचा आणि रिव्ह्यू कुणाचा, ही भांडणं आयटीवाल्यांनी शोधलेली नाहीत.

या सगळ्या कामांत एक गोष्ट कॉमन आहे. रेनीची खरी मेहनत पाण्याखाली आहे. नदीत किंवा समुद्रात पाया घालायचा म्हणजे आधी पाणी बाजूला सारावं लागतं. त्यासाठी कॉफरडॅम वापरतात. नदीच्या तळात लाकडाचे लांब ओंडके एकमेकांना चिकटून ठोकायचे, त्यांचं गोल किंवा चौकोनी कुंपण करायचं, फटी बुजवायच्या आणि आतलं पाणी पंपानं उपसायचं. आपल्याकडे विहीर खोदताना मोटर लावून उपसा करतात, तसंच, फक्त भर नदीत. आत कोरडा खड्डा मिळाला की तळात अजून ओंडके ठोकायचे, त्यावर जाड लाकडी चौथरा, आणि त्यावर दगडी खांब चढवत न्यायचा. रॅम्सगेट बंदरात त्यानं डायव्हिंग बेलही सुधारून वापरली. रिकामा ग्लास उलटा करून बादलीत दाबला की आत हवा राहते. तसाच भला मोठा लोखंडी ग्लास समुद्रात सोडायचा, वरून पंपानं हवा द्यायची आणि आत माणसं बसून पाण्याखाली दगड रचणार. १८१३ चं हे काम आहे.

आता पूल. १८०३ मध्ये स्कॉटलंडमधल्या केल्सो गावी रेनीनं ट्वीड नदीवर पाच कमानींचा पूल पूर्ण केला. त्यावरचा रस्ता जवळजवळ सपाट होता. ऐकायला साधं वाटतं, पण यात खरं गणित आहे. अर्धवर्तुळाकार कमान जितकी रुंद, त्याच्या निम्मी ती उंच होणारच. म्हणून जुने पूल मधे उंटाच्या पाठीसारखे फुगलेले असतात आणि बैलगाडी चढवताना जनावरांचा जीव निघतो. रेनीनं कमान दाबून अर्ध-लंबवर्तुळाकार केली. रुंदी तेवढीच, उंची कमी, रस्ता सपाट. पण कमान जितकी चपटी तितका तिचा बाजूला रेटा जास्त. शेजारची कमान उलट्या बाजूनं रेटते म्हणून मधले खांब सांभाळले जातात, पण टोकांना तो सगळा रेटा काठावरच्या बांधकामानं घ्यायचा असतो. म्हणजे वरचा दिसणारा सपाट रस्ता खालच्या न दिसणाऱ्या पायाच्या जिवावर उभा आहे. एखाद्या जुन्या रेल्वे लाइनखाली दगडी कमानीची मोरी दिसली तर थांबून बघा. तिथला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, आणि तो दाब सरकत सरकत जमिनीत जातो. कमान उभी राहते ती या दाबावर.

याच पद्धतीनं त्यानं लंडनमध्ये वॉटर्लू ब्रिज बांधला. ग्रॅनाइटच्या नऊ कमानी, प्रत्येक १२० फुटांची, उद्घाटन १८ जून १८१७. त्यानंतर त्याला सर ही पदवी देऊ केली गेली, ती त्यानं नाकारली.

भारताशीही त्याचा एक धागा आहे, आणि तो पूल हलवण्याशीच जुळतो. अवधचे नवाब सआदत अली खान यांनी लखनौच्या गोमती नदीसाठी इंग्लंडहून लोखंडी पूल मागवला होता. डिझाइन रेनीचं. सुटे भाग ओतून जहाजानं पाठवायचे आणि इथे जोडायचे, असा बेत होता. पण १८१४ मध्ये नवाब वारले, आणि आलेले भाग वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. १८४०च्या दशकात अमजद अली शाह गादीवर असताना तो पूल एकदाचा उभा राहिला. तोवर रेनीला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली होती.

जो पूल त्यानं पाहिलाच नाही

लंडनचा तेव्हाचा जुना पूल १२०९ साली पुरा झालेला होता. एकोणीस छोट्या कमानी आणि त्यांच्यामध्ये एवढे जाडजूड खांब, की पूल कमी आणि बंधारा जास्त. ओहोटीच्या वेळी पुलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्यात एवढा फरक पडायचा की कमानीतून धबधबाच. त्यातून नाव काढताना माणसं बुडायची. आणि हो, बालवाडीत सगळ्यांनी म्हटलेलं ते लंडन ब्रिजचं गाणं रेनीच्या पुलाच्या कितीतरी आधीचं आहे, त्यामुळे त्याचा दोष याच्यावर टाकू नका.

१८२१ मध्ये रेनीनं अहवाल दिला: डागडुजी पुरे, पाच मोठ्या कमानींचा नवा पूल बांधा. मधली कमान सुमारे १५० फुटांची. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो वारला. वय ६०. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. नव्या पुलाची एक वीटही तेव्हा ठेवलेली नव्हती.

पार्लमेंटनं १८२३ मध्ये कायदा केला आणि वडिलांच्या डिझाइनवर काम करायला मुलगा पुढे आला. त्याचंही नाव जॉन रेनीच, त्यामुळे इंटरनेटवर दोघांची सर्रास सरमिसळ होते. १५ जून १८२५ ला पायाभरणी झाली, १ ऑगस्ट १८३१ ला राजा चौथा विल्यम यांनी उद्घाटन केलं. वडिलांनी नाकारलेली सर पदवी मुलानं घेतली.

नवा पूल जुन्याच्या शेजारी, सुमारे ३० मीटर वरच्या अंगाला बांधला होता. तो चालू झाल्यावर जुना पाडला. इथे गंमत झाली, खरं तर गंमत म्हणवत नाही. एकोणीस कमानींचा तो बंधारा निघाल्यावर थेम्सचं पाणी जोरात वाहायला लागलं आणि वरच्या अंगाच्या पुलांच्या खांबांभोवतीचा तळ खरवडला जाऊ लागला. त्याचा मार बसला वॉटर्लू ब्रिजला, रेनीच्या सगळ्यात गाजलेल्या कामाला. १८८० च्या दशकात त्याच्या पायांची दुखणी उघड झाली, १९२३-२४ मध्ये खांब खचले, आणि १९३०च्या दशकात पूल पाडावा लागला. बापाच्या डिझाइनचा एक पूल उभा राहावा म्हणून जी जागा मोकळी झाली, तिनंच बापाचा दुसरा पूल पोखरला. मोठ्या सिस्टिममधला एक जुनाट, सगळ्यांना नकोसा मॉड्यूल काढला आणि तिसरीकडेच काहीतरी कोसळलं, हा अनुभव प्रोग्रामरला नवा नाही. फरक एवढाच की आपल्याला ते त्याच रात्री कळतं. इथे कळायला पन्नास वर्षं लागली.

लंडन ब्रिजचंही फार बरं चाललेलं नव्हतं. तो शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागांपैकी एक होता. गर्दी मावेना म्हणून १९०२ ते १९०४ मध्ये त्याची रुंदी वाढवून ६५ फूट केली. वजन वाढलं, पाया तोच. १९२४ मध्ये मोजमाप केलं तेव्हा पुलाची पूर्वेकडची बाजू पश्चिमेपेक्षा तीन-चार इंच खाली गेलेली होती. पूल हळूहळू बसत होता. घोडागाड्यांच्या हिशोबानं बांधलेल्या पुलावरून बस आणि ट्रक जायला लागल्यावर १९६०च्या दशकात लंडननं ठरवलं की इथे नवीन पूलच हवा. मग जुन्याचं काय करायचं? इव्हान लकिन नावाच्या नगरसेवकानं सुचवलं, पाडण्यापेक्षा विकून टाकू.

मायग्रेशन

गिऱ्हाईक मिळालं रॉबर्ट मॅककलक. चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची मोटरची करवत, बनवणारा अमेरिकन कारखानदार. ॲरिझोनात हवासू तलावाकाठी त्यानं १९६४ च्या सुमारास नवं शहर वसवायला घेतलं होतं, पण भर वाळवंटात राहायला येणार कोण? लोक खेचायला काहीतरी भन्नाट हवं होतं. १८ एप्रिल १९६८ ला त्यानं २४,६०,००० डॉलरला लंडन ब्रिज विकत घेतला. त्याला टॉवर ब्रिज हवा होता आणि चुकून हा गळ्यात पडला, हा फॉरवर्ड तुम्हाला कधी ना कधी येईल. मॅककलक आणि लकिन दोघांनीही ते साफ नाकारलं होतं.

आता माझ्या आवडीचा भाग. पूल उतरवताना प्रत्येक दगडावर चार आकडी नंबर टाकला. पहिला आकडा कमान कुठली ते सांगतो, दुसरा थर, शेवटचे दोन त्या थरातली जागा. आपल्याकडे जुना वाडा उतरवताना शहाणा मिस्त्री सागवानी खांबांवर आणि चौकटींवर खुणा करून ठेवतो, त्याचंच हे मोठं रूप. डेटाबेसवाले याला प्रायमरी की म्हणतील, आणि ही की नुसता अनुक्रमांक नाही. दगड हातात घेतला की तो कुठे बसणार हे त्याच्या नंबरातच लिहिलेलं. १०,२७६ दगड जहाजानं पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचला गेले आणि तिथून ट्रकनं वाळवंटात.

पण पूर्ण दगड गेले नाहीत. बऱ्याच दगडांचा फक्त दर्शनी भाग कापून नेला. नव्या जागी आधी सळई-काँक्रीटचा सांगाडा उभा केला आणि ते दगड त्यावर बाहेरून बसवले. शिवाय पूल कोरड्या जमिनीवर बांधला. कमानींचा आकार मिळावा म्हणून खाली वाळूचे ढीग रचून त्यांना नेमका बाक दिला. सगळं झाल्यावर वाळू काढली, खालून कालवा खणला आणि तलावाचं पाणी आत घेतलं. आधी पूल, मग नदी! १० ऑक्टोबर १९७१ ला थाटात उद्घाटन झालं.

म्हणजे फ्रंटएंड जुना आणि बॅकएंड पूर्ण नवीन. लंडनमध्ये ते दगड वजन पेलत होते, शेजारच्याला दाबून धरत होते. ॲरिझोनात वजन काँक्रीट पेलतं, दगड भिंतीवरच्या टाइलसारखे आहेत. त्यांना काम उरलेलं नाही. रेनी आयुष्यभर ज्याच्याशी झुंजला ते पाणी, तो चिखल, तो बाजूचा रेटा, तिथे यातलं काहीच त्याच्या पद्धतीनं सोडवलेलं नाही. त्याचे ओंडक्यांचे पाये थेम्समध्येच सुटले.

याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मी म्हणणार नाही. मूळ पद्धतीनं बांधला असता तर तो अवजड ढीग मॅककलकला पेलवला नसता, आणि विकला नसता तर आज बघायलाच काही उरलं नसतं. कमानींचा तो चपटा बाक, ती रेघ रेनीचीच आहे, आणि ती रेघ काढणंही सोपं नव्हतं. पण त्या पुलाला रेनीचं इंजिनिअरिंग म्हणून दाखवलं जातं तिथे मी थांबतो. तिथे रेनीचं ड्रॉइंग उभं आहे. त्याचं इंजिनिअरिंग बघायचं तर दुसरीकडे जावं लागतं.

फोन हातात आहेच, तर अजून तीन ठिकाणं सर्च करा. पहिलं, डार्टमूरमधली मेरिव्हेल खाण. पुलाच्या दगडांचे दर्शनी भाग तिथे कापले होते आणि काही उरलेले दगड तिथेच टाकून दिले. दुसरं, लंडनमध्येच आजच्या पुलाच्या दक्षिण टोकाला टूली स्ट्रीट. तिथे रेनीच्या पुलाच्या पायऱ्यांचा तुकडा अजून आहे. तिसरं, केल्सो. १८०३ चा तो पूल मूळ जागी, मूळ पायांवर उभा आहे आणि त्यावरून रोज गाड्या जातात. त्याच्या एका टोकाला दोन जुने दिव्याचे खांब दिसतील. वॉटर्लू ब्रिज पाडला तेव्हा तिथून काढून ते इथे आणून लावले.